कंदिलांतील तीन रंग

दिवाळीच्या आधीं चार-आठ दिवस घराघरांतून आकाशकंदिलाची जी खटपट सुरू होते, तिचें साहित्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. बांबूच्या कामट्या, सुतळी, खळ, पतंगाचा कागद आणि आंत टांगावयाला एक दिवा, एवढें असलें म्हणजे झालें. अलीकडे या साहित्यांत दोन नव्या वस्तूंची भर पडली आहे. एक, लहान लहान रंगीत एलईडी दिव्यांची पट्टी; आणि दुसरी, त्या दिव्यांना हुकूम सोडणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या चिपमध्यें सामावलेलें एक अख्खें गणकयंत्र. शाळेंत जाणारीं मुलें सुद्धां या दोन्ही वस्तु विकत आणून असा कंदील घरीं करूं शकतात, आणि करतातहि. मींहि केला. तो तिसऱ्या संध्याकाळीं माझ्या आईच्या हुकमानें खालीं उतरवावा लागला. आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें त्या उतरवलेल्या कंदिलाविषयीं, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां वर चढलेल्या कंदिलाविषयीं. मधल्या काळांत मला जें शिकावें लागलें, तें विजेपेक्षां डोळ्यांविषयींचेंच अधिक होतें.

आपण हें भाषण रेडिओवरून ऐकत आहां, तेव्हां प्रथम एवढें सांगतों कीं, या दिव्याचा जन्म रेडिओच्याच घरांत झालेला आहे. आरंभींच्या रेडिओयंत्रांत संदेश पकडण्यासाठीं एका स्फटिकावर बारीक तारेचें टोंक टेकवीत असत. मार्कोनी यांच्या कंपनींत काम करणारे हेन्री जोसेफ राउंड हे १९०७ सालीं कार्बोरंडमच्या स्फटिकावर असे प्रयोग करीत असतां तारेच्या टोंकापाशीं त्यांना पिवळसर उजेड दिसला. तेथें कांहीं जळत नव्हतें, कीं तापून लाल झालेलें नव्हतें. राउंड यांनीं त्याविषयीं एक लहानसें टिपण छापलें आणि ते आपल्या इतर कामाला लागले. पुढें रशियांत ओलेग लोसेव्ह या तरुणानें १९२० नंतरच्या दशकांत त्याच उजेडाचा नेटानें पाठपुरावा केला. परंतु १९४२ सालीं लेनिनग्राडच्या वेढ्यांत उपासमारीनें त्याचा अंत झाला. डोळ्यांना दिसेल असा उपयोगी लाल एलईडी १९६२ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत निक होलोन्याक यांनीं केला. पिवळा आणि हिरवा त्याच्यामागून आले. अडून बसला तो निळा. तीस वर्षें तो कोणाच्या नीट हातीं लागेना. अखेर जपानांतील इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनीं गॅलियम नायट्राइड या हट्टी पदार्थाशीं झुंज घेऊन १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत झगझगीत निळा दिवा सिद्ध केला, आणि २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालें. निळा आला तेव्हां लाल, हिरवा आणि निळा हें त्रिकूट पुरें झालें. तिन्ही एकत्र पेटले असतां डोळ्याला पांढऱ्याचा भास होतो. भास हा शब्द मीं जाणूनबुजून वापरला आहे. त्याचा हिशेब पुढें द्यावयाचा आहे.

आतां पट्टीकडे वळूं. तिच्यावरील प्रत्येक दिवा पांच मिलिमीटर लांबीरुंदीच्या एका चौकोनी डबींत असतो. त्या डबींत तीन रंगांचे तीन कण शेजारीं शेजारीं बसविलेले असतात, आणि त्यांच्या जोडीला एक अतिसूक्ष्म कारकून बसलेला असतो. सर्वांत अधिक प्रचारांत असलेल्या या दिव्याला डब्ल्यूएस २८१२ असें रुक्ष नांव आहे. कारकुनाला तीन आकडे द्यावयाचे, प्रत्येक रंगाला एक, आणि प्रत्येक आकडा शून्यापासून २५५ पर्यंतचा. त्यांतून १,६७,७७,२१६ मिश्रणें होतात, असें विक्रेते मोठ्या अभिमानानें सांगतात. मला पुढें त्यांतलीं दहाबारा पुरलीं.

चाळीस दिव्यांना आकडे पोंचवावयाचे म्हणजे चाळीस तारा लागतील असें आपणांस वाटेल. तसें नाहीं. येथें पंगतीचा न्याय आहे. पंगतीच्या एका टोंकाला लाडवांचें ताट ठेवावें. पहिल्यानें आपल्या वांट्याचे तीन लाडू उचलावे आणि ताट शेजाऱ्याकडे सरकवावें. त्यानें आपले तीन घ्यावे आणि पुढें द्यावें. पहिला दिवा आलेल्या आकड्यांतले पहिले तीन स्वतःस ठेवून घेतो व बाकीचे जसेच्या तसे पुढें धाडतो. त्यामुळें निरोपाला एकच तार पुरते. एका दिव्याचा निरोप ३० मायक्रोसेकंदांत जातो, म्हणजे चाळिसांची पंगत एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोड्याच अधिक वेळांत आटोपते. एक खोंच मात्र नवशिक्यानें लक्षांत ठेवावी. हा कारकून पहिला आकडा लालाचा न मानतां हिरव्याचा मानतो. माझ्या पुतणीनें पहिल्या दिवशीं लाल दिवा मागितला आणि तिला हिरवागार मिळाला. तिनें सारी जोडणी उलगडून पुन्हां केली, आणि तो हिरवाच राहिला.

ही पुतणी तेरा वर्षांची आहे, आणि या कामांतील अर्ध्याहून अधिक अक्कल तिची आहे, हें येथेंच कबूल करून टाकतों. मायक्रोकंट्रोलरसाठीं आम्हीं आर्डुइनो उनो नांवाची पाटी घेतली. यंत्रविद्येचें शिक्षण न झालेल्या विद्यार्थ्यांनाहि आपल्या कल्पना हातानें करून पहातां याव्या, या हेतूनें इटलींतील इव्रेया गांवच्या एका संस्थेंत २००५ सालीं या पाटीचा उगम झाला. नांव तेथल्या एका मद्यगृहाचें, आणि मद्यगृहाचें नांव १००२ सालीं इटलीचा राजा झालेल्या आर्डुइनोचें. राजाचें नांव आज कोणाच्या तोंडीं असेल तर तें या चिठोऱ्याएवढ्या पाटीमुळें. तिच्यावरील चिपची कामापुरती स्मृति अवघी २०४८ बाइटांची असते. आमच्या चाळीस दिव्यांना त्यांतलीं १२० लागलीं. याहून पुष्कळ शक्तिमान पाट्या मिळतात; पण त्यांपैकीं बऱ्याच ३.३ व्होल्टच्या आवाजांत बोलतात, आणि पांच व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला निदान साडेतीन व्होल्टचा आवाज ऐकूं येतो. मग मध्यें एक दुभाषी चिप घालावी लागते. पहिल्याच कंदिलाला हा व्याप नको.

साहित्य मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर, किंवा पुण्यास बुधवार पेठेंतल्या तपकीर गल्लींत, एका फेरींत मिळतें. घरीं आल्यावर मीं जी चूक केली ती पुष्कळांच्या हातून होते, म्हणून ती सविस्तर सांगतों. एका दिव्याचे तिन्ही रंग पूर्ण तेजानें पेटले म्हणजे तो सुमारें ६० मिलिअँपियर प्रवाह घेतो. चाळिसांचा हिशेब २.४ अँपियर झाला. संगणकाच्या यूएसबी भोंकांतून साधारणपणें अर्धा अँपियर मिळावा अशी योजना असते. मीं हा गुणाकार न करतां पट्टी पाटीला आणि पाटी संगणकाला जोडून दिली. पहिले पांचदहा दिवे बरे पेटले. पुढें पुढें पांढरा पिवळसर होत गेला, आणि अगदीं शेवटचे तर तांबूस दिसूं लागले. मग सारेंच विझलें, पुन्हां पेटलें, पुन्हां विझलें. पुतणीला वाटलें कीं पट्टी सदोष आहे. वस्तुतः पट्टी बोलत होती. तांब्याच्या बारीक पट्ट्यांतून प्रवाह जातां जातां दाब घटतो. लाल कणाला दोन व्होल्टच्या आसपास दाब पुरतो, पण हिरव्याला आणि निळ्याला तीनच्या आसपास लागतो. दाब घटला कीं निळा आणि हिरवा आधीं माना टाकतात, लाल शेवटपर्यंत तग धरतो. पट्टीचें शेपूट लाल झालें तर दोष रंगांत शोधूं नये, तारेंत शोधावा.

त्यावर उपाय सोपा आहे. पांच व्होल्ट आणि तीन अँपियरचा स्वतंत्र अडॅप्टर आणावा, जाडशी तार घ्यावी, आणि पट्टीला दोन्ही टोंकांनीं प्रवाह द्यावा. पट्टीची ऋण तार आणि पाटीची ऋण तार एकमेकींना अवश्य जोडावी. ती राहिली तर निरोपाला परतीची वाट उरत नाहीं आणि दिवे भूत लागल्यासारखे वाटेल तसे लुकलुकतात. निरोपाच्या तारेंत, पहिल्या दिव्याच्या जवळ, तीनचारशें ओहमचा एक रोध घालावा. प्रवाहाच्या तोंडाशीं १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा, तो उलटसुलट न होईल अशी काळजी घेऊन. उलटा बसला तर तो फुटतो. डाख देण्याचें काम वडील माणसानें जवळ बसून करून घ्यावें. आणि २३० व्होल्टचा प्रवाह अडॅप्टरच्या पेटींतच राहिला पाहिजे, कंदिलापर्यंत त्यानें येऊंच नये. कागद, खळ आणि सुतळी यांच्या घरांत त्या पाहुण्याला जागा नाहीं. या बाबतींत मी पुतणीचें कांहींएक ऐकलें नाहीं.

अशा रीतीनें पहिल्या वर्षींचा कंदील सज्ज झाला. त्यानें काय केलें नाहीं तें विचारा! इंद्रधनुष्य त्याच्या आठहि करंज्यांतून फिरत गेलें, निळ्या ठिणग्या उडाल्या, लाल साप धांवला, आणि शेवटीं सगळे दिवे मिळून पांढरे लखकन् पेटत आणि विझत. हे खेळ लिहिलेल्या आज्ञावली आयत्या मिळतात. आम्हीं फक्त त्या एकापुढें एक रचल्या. सर्व आकडे २५५. रस्त्यावरचीं माणसें थांबून वर पहात, आणि मी सज्ज्यांत उभा राहून तीं किती थांबलीं तें मोजीत असें.

माझी आई ऐंशीच्या पुढें आहे. दिवाळीच्या चार संध्याकाळीं सज्ज्यांत खुर्ची टाकून कंदिलाखालीं बसावयाचें, येणाऱ्याजाणाऱ्याशीं बोलावयाचें, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. पहिल्या दिवशीं ती लवकर उठून आंत गेली. दुसऱ्या दिवशीं आलीच नाहीं. तिसऱ्या दिवशीं मला हांक मारून म्हणाली, “अरे, हा कंदील आहे कीं पोलिसांची गाडी? मला तिथें बसवत नाहीं रे. तो काढ, नाहीं तर माझी खुर्ची तरी आंत घे.” खुर्ची आंत घेण्याचा पर्याय तिनें मला गंभीरपणें दिला होता, हें मला अधिक लागलें. मीं कंदील उतरवला आणि साधा पिवळा दिवा घालून जुनाच कंदील टांगला.

तिच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हां मोतीबिंदु पिकूं लागला होता. धुरकट झालेल्या भिंगावर झगझगीत बिंदूचा प्रकाश पडला कीं तो पसरतो, आणि दिव्याभोंवतीं कांट्यांचें वलय दिसूं लागतें. आम्हांला जी मौज, ती तिला टोंचणी होती. उघडझांपेच्या बाबतींत तर याहून गंभीर गोष्ट आहे. कांहीं माणसांना, विशेषतः मुलांना, जलद लुकलुकणाऱ्या उजेडानें अपस्माराचा झटका येऊं शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत पोकेमॉन या मुलांच्या दूरचित्रमालिकेच्या एका भागांत लाल आणि निळ्या रंगांची सेकंदाला सुमारें बारा वेळां उघडझांप दाखविली गेली, आणि त्या संध्याकाळीं ६८५ च्या आसपास प्रेक्षकांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयांत न्यावें लागलें. पडद्यावरील मजकुरासाठीं केलेल्या नियमांत सेकंदाला तीनहून अधिक लखलखाट नसावे असें म्हटलेलें आहे. घरावर टांगावयाच्या दिव्याला मी तर म्हणेन, तीनहि नकोत. सज्ज्यांतला दिवा आपण लावतों, पण तो शेजाऱ्याच्या खिडकींतहि पेटलेला असतो, आणि शेजाऱ्याजवळ त्याची कळ नसते.

पुढल्या वर्षीं श्रावणांतच आम्ही पुन्हां कामाला बसलों. अट एकच, आजीला खालीं बसतां आलें पाहिजे. मला वाटलें, आकडे निम्मे केले कीं काम झालें. २५५ च्या जागीं १२८ लिहिला. पाहतों तों फरक जेमतेम! येथें मला प्रथम कळलें कीं दिव्याचा हिशेब निराळा आणि डोळ्याचा निराळा. या दिव्यांत उजेड मंद होतच नाहीं. कारकून तो सेकंदांतून शेंकडों वेळां पेटवितो आणि विझवितो. १२८ म्हणजे निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. ही उघडझांप इतकी जलद असते कीं स्थिर डोळ्याला ती कळत नाहीं. मापकयंत्राला विचाराल तर उजेड बरोबर आठ आणे भरेल. पण डोळा म्हणतो, बारा आणे! कारण डोळा बेरीज मोजीत नाहीं, प्रमाण मोजतो. अंधाऱ्या देवघरांत एका पणतीशेजारीं दुसरी लावली तर खोली उजळल्यासारखी वाटते; पन्नास पणत्यांत एक वाढविली तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. तेव्हां डोळ्याला अर्धा वाटावा म्हणून आकडा १२८ नव्हे, ५५ च्या आसपास न्यावा लागतो. आणि पाव वाटावा म्हणून १२ वर. या हिशेबाचें एक कोष्टक करून तें चिपच्या स्मृतींत भरून ठेवतात. पुतणीनें तें एका रविवारीं वहींत मांडलें. बीजगणितांतला घातांक प्रथमच कोठें तरी कामाला आला, असें ती म्हणाली. शिक्षकांनीं ऐकावें म्हणून हें येथें सांगतों.

एक अडचण मात्र कोष्टकानेंहि सुटत नाहीं. तळाशीं, म्हणजे एकावरून दोनवर जातांना, उजेड एकदम दुप्पट होतो, आणि तो झटका डोळा बरोबर पकडतो. वरच्या टोंकाला २५४ वरून २५५ वर गेलेलें कोणालाच कळत नाहीं, आणि जेथें आम्हांला बारीक पायऱ्या हव्या तेथें त्या सर्वांत उंच. म्हणून मंदपणाचीहि एक मर्यादा ठेवावी लागते. आमचा उजेड फार खालीं गेला कीं आम्ही त्याला तेथेंच थोपवीत असूं.

आतां त्या भासाचा हिशेब. सूर्याच्या किंवा पणतीच्या उजेडांत सगळ्या छटा सलग असतात. आमच्या त्रिकुटाच्या पांढऱ्यांत तीन अरुंद रंगांचे ढीग असतात आणि मधल्या जागा बहुतेक ओस. डोळ्याकडे थेट आलेला तो पांढरा फसवून जातो. पण तोच प्रकाश एखाद्या वस्तूवर पडून परतला कीं बिंग फुटतें. कंदिलाखालच्या रांगोळींतला केशरी रंग तांबूस दिसे आणि माणसांचे चेहरे उन्हांतून आल्यासारखे. ज्यांना कंदिलाखालीं माणसें बसवावयाचीं आहेत त्यांनीं चौथा, ऊबदार पांढरा कण असलेली पट्टी घेतली तर उत्तम. आमच्याजवळ ती नव्हती. आम्हीं पांढऱ्याचा नादच सोडला आणि पणतीच्या रंगाच्या मागें लागलों.

कागदाचाहि विचार करावा लागला. पट्टीवरचे दिवे हे झगझगीत टिंबें असतात, आणि कागद त्यांच्या फार जवळ असला तर कंदील पुरळ उठल्यासारखा दिसतो. कागद दिव्यांपासून निदान दोन दिव्यांमधल्या अंतराइतका तरी दूर हवा. मीटरला तीस दिव्यांच्या पट्टीला हें अंतर सवातीन सेंटिमीटरच्या वर भरतें. आम्हीं पट्टी मधल्या काठीभोंवतीं गुंडाळली, आंतून बटर पेपर लावला आणि वरून पिवळा पतंगाचा कागद. शेपट्या नेहमींच्याच.

पणतीचा रंग कसा असतो, हें पाहण्यासाठीं आम्हीं एका संध्याकाळीं दिवे मालवून जमिनीवर एक पणती लावली आणि तासभर तिच्यासमोर बसलों. मीं साठ वर्षें पणत्या पाहिल्या आहेत. पण पाहिल्या नव्हत्या, असें त्या दिवशीं वाटलें. ज्योत बहुतेक वेळ स्थिरच असते. मग कोठून तरी झुळूक येते, ती झुकते, मंद होते, आणि मंद होतांना तांबूसहि होते. सांवरतांना मात्र सावकाश सांवरते. आयत्या आज्ञावलींतल्या ज्योती एकसारख्या थरथरत असतात, त्या खऱ्या कां वाटत नाहींत तें तेव्हां समजलें. लाल १२०, हिरवा ३८ आणि निळा अवघा ४, या आकड्यांवर आम्ही थांबलों, आणि उजेड उतरतांना हिरवा लालाहून अधिक वेगानें उतरवावा असें ठरविलें. सारे चाळीस दिवे मिळून प्रवाह अर्ध्या अँपियरच्या आसपास लागूं लागला. तीन अँपियरचा तो अडॅप्टर निवांत बसला.

झुळूक कोठून यावी हें चिप यदृच्छेनें ठरवी. दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं पुतणी म्हणाली, “काका, हा रोज सारखाच थरथरतो. लावल्यावर आधीं डावी करंजी दबते, मग वरची, मग मागची.” मीं तें हंसण्यावारीं नेलें. तिनें कंदील बंद करून पुन्हां लावून दाखविला, आणि डावी करंजी दबली, मग वरची, मग मागची. चिपची यदृच्छा म्हणजे एक ठराविक गणित असतें. एकाच आकड्यापासून आरंभ केला तर त्याच क्रमानें तेच आकडे बाहेर येतात. उपाय असा कीं, पाटीचें एक टोंक कशालाहि न जोडतां मोकळें सोडावें आणि तेथें उमटणारा दाब मोजून त्या आकड्यापासून आरंभ करावा. त्या मोकळ्या टोंकावर आसपासच्या विजेची, तारांची, कदाचित् आमच्या रेडिओचीहि कुजबूज उमटत असते, आणि ती दर वेळीं निराळी.

भाद्रपदांत आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डावा अजून व्हावयाचा होता. वसुबारसेच्या संध्याकाळीं आम्हीं कंदील लावला आणि तिला खुर्चीवर आणून बसविली. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें तळहातानें एक डोळा झांकला, मग दुसरा, मग पुन्हां पहिला. “या डोळ्यानें पिवळा दिसतो, आणि या डोळ्यानें पांढुरका,” ती म्हणाली, “तुम्हीं कुठला केलाय?”

वयाबरोबर डोळ्यांतलें भिंग पिवळें पडत जातें आणि निळा उजेड अडवूं लागतें. तें इतकें हळूहळू होतें कीं माणसाला तें कळत नाहीं. मेंदू सांभाळून घेतो. शस्त्रक्रियेनंतर नवें स्वच्छ भिंग बसलें कीं निळा एकाएकीं मोकळा होतो. तिच्या एका डोळ्यावर पिवळी कांच होती आणि दुसऱ्यावर नव्हती. आमचा पणतीचा रंग माझ्या आणि पुतणीच्या डोळ्यांनीं ठरविलेला होता, आणि आम्हां दोघांच्या वयांतहि पन्नास वर्षांचें अंतर आहे. तो नक्की कोणाला दिसत होता, देव जाणे.

त्या प्रश्नाला मला उत्तर सुचलें नाहीं. पुतणीला सुचलें. तिनें दहा हजार ओहमचा फिरता रोध, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या कळीसारखा, लांब तारेनें पाटीला जोडून खुर्चीच्या हाताला बांधला. कळ कोठें आहे तें चिप शून्य ते १०२३ अशा आकड्यांत वाचते. डावीकडे न्यावी तसा उजेड मंद आणि तांबूस होई, उजवीकडे न्यावी तसा पांढरा. जोडणी पंधरा मिनिटांची आणि आज्ञावलींतल्या ओळी पांचसहा. आईनें ती हातांत घेतली आणि पांच दिवस तिच्याशीं खेळत बसली. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारी, “तुम्हांला कसा दिसतो? असा? कीं असा?” अखेर तिला बरा वाटलेल्या जागीं मीं पेन्सिलीनें खूण केली. ती खूण मला जरा उजवीकडे वाटली, पण मी बोललों नाहीं.

त्रिपुरी पौर्णिमा झाली म्हणजे कंदील उतरवावयाचा, हा आमच्या घरचा रिवाज. या वेळीं तिनें तो उतरवूं दिला नाहीं. मार्गशीर्षांत डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनीं पट्टी काढली त्या संध्याकाळीं ती शाल गुंडाळून सज्ज्यांत गेली. आळींत दुसरा एकहि कंदील नव्हता. तिनें एक डोळा झांकून पाहिला, मग दुसरा. मग कळ हातांत घेऊन ती खुणेवरून डावीकडे नेली, आणखी थोडी नेली, आणि म्हणाली, “आतां राहूं दे.”